परचेसमध्ये करिअर: भाव पाडण्यापलीकडचं खरेदीचं काम कसं शिकायचं

पुण्याच्या पट्ट्यात कारखाना असलेल्या आणि शेअर बाजारात नोंद असलेल्या एखाद्या वाहन कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. बजाज ऑटोचा घ्या, महिंद्राचा घ्या. नफा-तोटा पत्रकात कच्च्या मालाच्या आणि खरेदी केलेल्या मालाच्या खर्चाच्या ओळी शोधा, त्यांची बेरीज करा आणि तिला विक्रीच्या आकड्याने भागा. वाहन उद्योगात हे उत्तर साधारण ६० ते ७५ टक्क्यांच्या घरात येतं. गाडी विकून आलेल्या १०० रुपयांतले ६० पेक्षा जास्त रुपये कंपनीकडे थांबतच नाहीत. ते स्टील, ॲल्युमिनियम, टायर, वायरिंग आणि हजारो सुट्या भागांच्या पुरवठादारांकडे जातात. त्याच पत्रकात पगाराची ओळ बघा, ती याच्या कितीतरी खाली असते. हा एवढा पैसा कुणाकडे, किती आणि कोणत्या अटींवर जाणार हे ठरवणारा विभाग म्हणजे परचेस.

आता एक कागदावरचा हिशेब करू. समजा कंपनीची विक्री १०० कोटी, खरेदी ६० कोटी आणि नफा ६ कोटी आहे. खरेदीत २ टक्के वाचले तर १ कोटी २० लाख थेट नफ्यात जमा होतात, म्हणजे नफा २० टक्क्यांनी वाढतो. तेवढाच नफा विक्री वाढवून मिळवायचा झाला तर, नफ्याचं प्रमाण तेच राहतं असं धरून, २० कोटींची जादा विक्री करावी लागेल. मुलाखतीत ‘परचेस का?’ असं विचारलं तर हा हिशेब मांडा. त्याला जोड म्हणून त्याच कंपनीच्या अहवालातला आकडा सांगता आला तर समोरच्याला कळतं की तुम्ही तयारीने आला आहात.

तरीही परचेस म्हणजे घासाघीस, असा समज घरीदारी आणि कंपन्यांमध्येही घट्ट बसलाय. तो या कामावर अन्याय करणारा आहे. भाव पाडणं कुणालाही जमतं. एखादी वस्तू बनताना खर्च नेमका कुठे तयार होतो हे ओळखून तो कमी करणं, आणि ते करताना पुरवठादार उभा ठेवणं, हे खरं कौशल्य आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी लिहिलं आहे.

आधी कागदाचा प्रवास पाठ करा

खरेदीची सुरुवात परचेसमध्ये होत नाही. ज्याला वस्तू हवी तो विभाग मागणीपत्र काढतो. त्याला कुठे इंडेंट म्हणतात, कुठे पीआर (परचेस रिक्विझिशन). मग परचेस तीन-चार पुरवठादारांना चौकशी पाठवतं, कोटेशन येतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता बनतो, वाटाघाटी होतात, मंजुरी मिळते आणि पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, निघते. माल आला की गेटवर नोंद, स्टोअरमध्ये मोजणी, क्वालिटीची तपासणी आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती. शेवटी अकाउंट्सवाले पीओ, जीआरएन आणि पुरवठादाराचं बिल हे तीन कागद एकमेकांशी ताडून बघतात आणि पैसे सोडतात. बहुतेक मोठ्या कंपन्यांत हे सगळं सॅप या संगणकप्रणालीत चालतं. एमई५१एनला पीआर, एमई२१एनला पीओ, मिगोला माल घेणं, मिरोला बिल, एवढे चार कोड आणि त्यांच्यामागचा क्रम समजला तरी नव्या माणसाचा पहिला महिना सोपा जातो.

या प्रवासात नव्या मुलांकडून सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते पीओच्या मजकुराकडे. दर आणि नग बरोबर आहेत ना, एवढं बघून पीओ सोडली जाते. पण ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर? डिझाइनने भोकाचा व्यास बदलून नवी रिव्हिजन काढली आणि पीओवर जुनी राहिली, तर पुरवठादार जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बनवून देईल आणि त्याची काहीच चूक नसेल. वाहतूक कुणाकडे, पॅकिंग परत जाणारं की एकदाच वापरायचं, पेमेंट किती दिवसांत आणि ते दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल स्वीकारल्यापासून, रिजेक्शनचा माल कोण उचलणार, हे सगळं पीओवर लिहिलेलं हवं. फोनवर ठरलेलं सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही, आणि तोपर्यंत दोन्हीकडची माणसंही बदललेली असू शकतात.

खर्चाची फोड: हे आलं की निम्मं परचेस आलं

समजा चाकणच्या एका कंपनीला पत्र्याचा ब्रॅकेट घ्यायचा आहे. भोसरीतल्या प्रेस शॉपने, म्हणजे पत्रा कापून-वाकवून देणाऱ्या छोट्या कारखान्याने, ११३ रुपये भाव दिला. तुम्ही काय कराल? बरेचजण म्हणतात, ‘१०० ला द्या.’ पुरवठादार ११० म्हणतो, शेवटी १०५ ला सौदा ठरतो आणि दोघांनाही वाटतं की आपण जिंकलो. १०५ बरोबर होता की नाही, हे मात्र दोघांपैकी कुणालाही माहीत नसतं.

त्याऐवजी फोड करून बघा. खालचे दर समजण्यापुरते धरलेले आहेत, प्रत्यक्षात त्या दिवशीचे घ्यायचे.

ब्रॅकेट कापायला लागणारा पत्रा, म्हणजे इनपुट वजन, १.२ किलो. तयार ब्रॅकेटचं वजन ०.८५ किलो. पत्र्याचा दर ७० रुपये किलो, म्हणजे पत्रा ८४ रुपयांचा. उरलेलं ०.३५ किलो भंगार ३२ रुपये किलोने विकलं जातं, त्याचे ११ रुपये २० पैसे वजा. निव्वळ माल ७२ रुपये ८० पैसे. ब्लँकिंग (आकार कापणं), पिअर्सिंग (भोकं पाडणं), बेंडिंग (वाकवणं) मिळून प्रेसचं काम ६ रुपये. झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) १२ रुपये किलोने १० रुपये २० पैसे. इथवर बरोबर ८९ रुपये होतात. त्यावर रिजेक्शनसाठी १ टक्का, ओव्हरहेड (वरखर्च) आणि नफा मिळून १० टक्के, म्हणजे ९ रुपये ७९ पैसे. पॅकिंग आणि भोसरी ते चाकण टेम्पो नगामागे दीड रुपया. एकूण १०० रुपये २९ पैसे.

मग ११३ कुठून आले? ११ रुपये २० पैशांच्या भंगाराची जमा पुरवठादाराने धरलीच नव्हती, आणि त्यावरही ११ टक्के चढले. त्याचे होतात १२ रुपये ४३ पैसे. जवळजवळ सगळा फरक तिथेच सापडला. आता बोलणं ‘कमी करा’ असं होत नाही. ‘भंगार तुमच्याकडे राहतं, त्याची जमा दाखवा’ असं होतं, आणि याला नाही म्हणायला समोरच्याकडे कारण नसतं. महिन्याला २०,००० नग असतील तर वर्षाला जवळपास ३० लाखांची गोष्ट आहे.

आणि हीच फोड उलट बाजूनेही वापरायची असते. पुरवठादाराने ९० रुपये भाव दिला तर आनंदून पीओ काढू नका. नुसता माल आणि काम मिळून ८९ रुपये होतात. तो ९० मध्ये कसा देणार? एकतर त्याने ड्रॉइंग नीट वाचलेलं नाही, किंवा तो कुठेतरी काटणार आहे. बहुतेकदा ते प्लेटिंगमध्ये निघतं. ड्रॉइंगवर ८ मायक्रॉन लिहिलंय आणि चढवले ५, हे डोळ्याला दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात ग्राहकाच्या गाडीवर गंज दिसतो, तेव्हा ते दिसतं. तोवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च वॉरंटीत गेलेला असतो. परवडणार नाही असा भाव मिळाल्यावर ‘हा तुम्हाला कसा परवडतो?’ असं विचारणारा खरेदीदार मला सर्वात हुशार वाटतो.

दोन गोष्टी या फोडीत हमखास सुटतात. पहिली, टूलची किंमत. समजा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, ८ लाखांची आहे आणि तिचा खर्च पहिल्या १ लाख नगांवर वाटून घ्यायचं ठरलं, म्हणजे नगामागे ८ रुपये. १ लाख नग पूर्ण झाले की ते ८ रुपये भावातून उतरायला हवेत. पण तोपर्यंत तो सौदा करणारा माणूस दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि ८ रुपये वर्षानुवर्षं चालू राहतात. अशा टूलची तारीख, नगांची मर्यादा आणि मालकी एका वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवा; टूल पुरवठादाराच्या शेडमध्ये असलं तरी पैसे तुमच्या कंपनीने भरलेत. दुसरी गोष्ट धातूच्या भावाची. स्टील, ॲल्युमिनियम, तांबं यांचे भाव हलतात, म्हणून वाहन उद्योगात तिमाही किंवा सहामाहीला आधारभूत दराशी तुलना करून भाव वर-खाली करण्याची पद्धत आहे. भाव वाढल्यावर पुरवठादार लगेच पत्र पाठवतो. भाव उतरल्यावर पत्र पाठवणं तुमचं काम. आणि वाढीचं पत्र आलं की ते टेबलावर तीन महिने दाबून ठेवू नका. छोट्या शॉपचं सगळं खेळतं भांडवल त्यात अडकतं.

फोड शिकायला कोर्स लागत नाही. एक्सेल लागतं, वजनकाटा लागतो आणि शॉप फ्लोअरवर उभं राहून बघायची तयारी लागते. घरातली कुठलीही वस्तू घ्या, कुकरचं झाकण म्हणा किंवा दाराची बिजागरी, आणि ती कशी बनली असेल, किती मालापासून, किती ऑपरेशनमध्ये, याचा तक्ता मांडा. असे पाच-सहा तक्ते हातात घेऊन मुलाखतीला जाणाऱ्या मुलाकडे फार अनुभव नसला तरी चालतं.

सगळी खरेदी एका मापाने करू नका

पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेली चार खणांची चौकट आजही या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाते. वस्तूचा कंपनीच्या नफ्यावर किती परिणाम होतो आणि ती मिळण्यात किती धोका आहे, या दोन कसोट्यांवर खरेदीचे चार गट पडतात. नटबोल्ट, हातमोजे, स्टेशनरी यांत दोन्ही कमी. इथे वेळ घालवू नका, वार्षिक दरकरार करा आणि मोकळे व्हा. पत्रा, कास्टिंग, पॅकिंगचे खोके यांत पैसा मोठा पण पुरवठादार भरपूर; इथे स्पर्धा लावा, ऑनलाइन उलटा लिलावही, ज्यात पुरवठादार भाव खाली आणत जातात, इथेच शोभतो. स्वस्त पण एकाच ठिकाणी मिळणारी वस्तू, उदाहरणार्थ एखादं खास सील, लाइन बंद पाडू शकते. तिथे भाव करत बसण्यापेक्षा साठा आणि दुसरा पुरवठादार तयार करण्याकडे लक्ष द्या. आणि महाग व अवघड अशा वस्तूंसाठी वर्षानुवर्षांचे संबंध लागतात.

या शेवटच्या दोन गटांचं महत्त्व अलीकडच्या वर्षांनी सगळ्यांना दाखवून दिलं. करोनानंतर सेमीकंडक्टर मिळेनात म्हणून तयार होत आलेल्या गाड्या कारखान्यांच्या आवारात उभ्या राहिल्या. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे मोटरमधल्या ताकदवान चुंबकांच्या, निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि इलेक्ट्रिक दुचाकींच्या मोटरचा प्रश्न थेट चाकणपर्यंत येऊन पोचला. अशा वेळी कंपनीत सर्वात आधी परचेसलाच विचारलं जातं, आणि ‘आमच्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण’ हे ज्याला माहीत असतं त्याचं उत्तर तयार असतं.

आयातीचा मोह होतो तेव्हा पूर्ण खर्च मांडा. इथे १०० ला मिळणारी वस्तू परदेशातून ९२ ला मिळते असं धरू. भाडं-विमा ५, सीमाशुल्क ८, न्हावा शेवाहून चाकणपर्यंत २ असे धरले तर झाले १०७. दोन महिन्यांचा साठा धरून ठेवण्याचं १० टक्क्यांनी व्याज पावणेदोन रुपयांच्या आसपास. शिवाय माल सदोष निघाला तर परत पाठवायचा कसा? भोसरीतला पुरवठादार संध्याकाळपर्यंत माणसं पाठवून माल निवडून देतो. भाव कुठल्या अटीवर आहे हेही बघा: एफओबीमध्ये जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा, सीआयएफमध्ये भाडं आणि विमाही त्याचा, डीडीपीमध्ये शुल्कासह तुमच्या दारापर्यंत. इन्कोटर्म्स या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींच्या २०२० च्या यादीत अशा एकूण ११ अटी आहेत. त्यातल्या या तीन आणि कारखान्याच्या दारात माल हाती देणारी एक्स-वर्क्स आधी नीट समजून घ्या.

शिरायचं कुठून

उत्पादन कंपनीत परचेसला बहुधा मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा अथवा पदवी मागतात, कारण ड्रॉइंग वाचता यावं लागतं. पण दार एकच नाही. यंत्रांचे सुटे भाग, कँटीन, वाहतूक, सुरक्षा, सॉफ्टवेअरचे परवाने, जाहिरात या अप्रत्यक्ष खरेदीत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी चांगलं काम करतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागात परदेशी कंपन्यांची केंद्रं आहेत, तिथून जगभरातल्या कारखान्यांची खरेदी हाताळली जाते. औषधं आणि लसी बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये विज्ञान शाखेला वाव आहे. तिथे पुरवठादार बदलणं म्हणजे नुसता भावाचा नव्हे, नियामकाच्या मंजुरीचाही विषय असतो.

पहिली नोकरी निवडताना माझा सल्ला स्पष्ट आहे. मोठ्या नावाच्या कंपनीत फक्त पीओ टाइप करण्याचं काम आणि भोसरी-तळवड्यातल्या मध्यम कंपनीत पुरवठादार शोधण्यापासून बिलापर्यंत सगळं काम, असे दोन पर्याय असतील तर दुसरा घ्या, पगार थोडा कमी असला तरी. मुलाखतीत तुम्हीही विचारा: माझ्याकडे कोणती कमोडिटी (खरेदीच्या मालाचा गट) असेल, वर्षाची खरेदी किती कोटींची, पुरवठादारांकडे जायला मिळेल का? कास्टिंग, फोर्जिंग, प्रेस पार्ट, प्लास्टिक मोल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स यांतली एखादी कमोडिटी दोन-तीन वर्षं मुळापासून शिकलेला माणूस पुढे कुठेही जाऊ शकतो. आत्ता सुरुवात करणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर सोडू नये. गाडीत त्याचा वाटा वाढतोच आहे.

क्वालिटी किंवा प्रॉडक्शनमधून परचेसमध्ये येणाऱ्यांना मी नेहमी प्रोत्साहन देईन. पीपीएपी, एपीक्यूपी, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या पद्धती आणि मानकांचे शब्द ज्याने लाइनवर जगलेले आहेत, त्याला पुरवठादार सहसा फसवू शकत नाही. सप्लायर क्वालिटी, म्हणजे पुरवठादाराच्या मालाची गुणवत्ता सांभाळण्याचं काम, हा त्यासाठीचा नैसर्गिक पूल आहे.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटची पुण्यात शाखा आहे आणि नोकरी करत शिकता येतील असे त्यांचे डिप्लोमा आहेत. ब्रिटनच्या सीआयपीएस या खरेदी क्षेत्रातल्या संस्थेची पात्रता बहुराष्ट्रीय कंपन्यांत आणि आखातात ओळखली जाते, अमेरिकेच्या आयएसएमची सीपीएसएमही. पुरवठा साखळीकडे जायचं असेल तर एएससीएम या संस्थेची सीएससीपी ही पात्रता आहे. यांची फी बरीच असते, म्हणून दोन वर्षं काम करून मगच घ्या. तेव्हा शिकलेलं लगेच वापरता येतं, आणि काही कंपन्या फीमध्ये हातभारही लावतात. नोकरीआधी मात्र एक्सेलवर पैसे नाही तर वेळ भरपूर खर्च करा. पिव्हट, लुकअप, आणि हजार ओळींच्या खरेदीच्या यादीतून ‘८० टक्के पैसा कुठल्या २० टक्के वस्तूंवर जातो’ हे पाच मिनिटांत काढता येणं.

जर्मन भाषा हा पुण्यातल्या परचेसवाल्यांचा खास फायदा होऊ शकतो. मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग आहेत, आणि चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि त्यांच्या मागोमाग आलेले पुरवठादार आहेत. बी१ या मधल्या पातळीपर्यंत आलेलं जर्मन रोजच्या मेलमध्येही उपयोगी पडतं.

पहिलं वर्ष: टेबल सोडा

आठवड्यातून निदान एकदा पुरवठादाराकडे जा. ‘माल कधी देणार’ एवढंच विचारायला नको, काम बघायला. मशीन किती आहेत, त्यातली किती चालू आहेत, तयार मालावर तारीख आणि लॉट नंबर आहे का, मोजमापाची साधनं कॅलिब्रेट केलेली आहेत का, तुमची डाय तेल लावून मांडणीवर आहे की पावसात बाहेर पडली आहे. मालकाशी बोलाच, पण सुपरवायझरशीही चहा घ्या. ड्रॉइंगवरचा कुठला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) विनाकारण कडक आहे आणि त्यापायी किती माल वाया जातो हे तोच सांगतो, आणि ती माहिती डिझाइन विभागाकडे नेली तर कुणाचाही नफा न कापता खर्च उतरतो. खर्च कमी करण्याचा सर्वात चांगला मार्ग हाच आहे असं माझं ठाम मत आहे.

पुण्याचं कॅलेंडर वेगळं मांडा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते, तुमच्या कंपनीला ती नसेल तर बुधवारी संध्याकाळीच माल हलला पाहिजे. आषाढी वारीत देहू आणि आळंदीहून पालख्या निघतात तेव्हा निगडी, आकुर्डी, दिघीकडचे रस्ते ठरावीक काळ बंद असतात. त्या तारखा पंचांग बघून महिनाभर आधी शेड्यूलमध्ये घाला. दिवाळीत कामगार गावी जातात, उत्तरेकडचे छठपूजा करूनच परततात. नाशिक रस्त्यावरची चाकणची कोंडी तर रोजचीच, म्हणून भोसरीहून ‘तासाभरात येतो’ या शब्दावर लाइन चालवू नका.

साठ्याचं गणित साधं ठेवा. रोज ५०० नग लागतात, माल यायला ६ दिवस लागतात आणि २ दिवसांची उशी हवी असेल तर साठा ४,००० वर आला की मागणी गेलीच पाहिजे. पुरवठादार वारंवार उशीर करत असेल तर उशी वाढवणं हा तात्पुरता इलाज आहे. उशीर का होतो ते जाऊन बघा. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला आणि मोशीच्या केंद्रात औद्योगिक प्रदर्शनं भरतात, नवे पुरवठादार शोधायला त्यासारखी जागा नाही. मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या कार्यक्रमांनाही जात राहा.

पेमेंट वेळेवर देणं परचेसचंही काम आहे

‘पेमेंट अकाउंट्स बघतं’ असं म्हणून हात झटकणारा खरेदीदार पुरवठादाराचा विश्वास गमावतो. शिवाय कायदाही आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) ही तरतूद आणली. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशा उद्योगांना मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ तेव्हाच मिळते. म्हणून नवा पुरवठादार जोडताना उद्यम प्रमाणपत्र (अशा उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला) मागा आणि तो उत्पादक आहे की व्यापारी हेही नोंदवा, कारण या संरक्षणात व्यापारी येत नाहीत.

जीएसटीचंही तसंच. पुरवठादाराने विवरणपत्र भरलं नाही तर त्याचं बिल तुमच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या कराच्या तक्त्यात दिसत नाही आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. १८ टक्के कर अडकला तर वाटाघाटीत मिळवलेले २ टक्के कुठे राहिले?

आणि दिवाळी. बोनस द्यायला छोट्या शॉपच्या मालकाला रोख लागते. दसऱ्यापासूनच थकलेल्या बिलांची यादी घेऊन अकाउंट्सच्या मागे लागा, अडकलेले जीआरएन सोडवा. ऑक्टोबरमध्ये ज्यांचे पैसे वेळेवर पोचले, ते पुढच्या तातडीच्या वेळी तुमच्यासाठी रात्रपाळी लावतात.

हात स्वच्छ ठेवणं

परचेसमध्ये असल्याचं कळलं की काही लोक ‘वरची कमाई’ किती, असं सरळ विचारतात. या प्रश्नाला हसून बगल देऊ नका, ठाम नाही म्हणा. कंपनीचं भेटवस्तूंचं धोरण पहिल्याच आठवड्यात वाचा. मिठाईचा डबा आला तर तो विभागात सगळ्यांसमोर उघडा आणि वरिष्ठांना कळवा. पाकीट, सोनं, सहलीची तिकिटं ताबडतोब परत, आणि परत केल्याची मेल. नातेवाइकाची फर्म पुरवठादार म्हणून येत असेल तर आधी लेखी सांगा आणि त्या निर्णयातून बाजूला व्हा. मंजुरीची मर्यादा टाळायला एका पीओच्या तीन पीओ करायला कुणी सांगितलं, अगदी साहेबांनी सांगितलं तरी, करू नका. ऑडिटमध्ये सही तुमची असते. एका पुरवठादाराचा भाव दुसऱ्याला सांगणं हाही विश्वासघातच आहे, मग त्यात तुमचा एक पैशाचा फायदा नसला तरी. हे शहर या बाबतीत छोटं आहे, आणि भोसरीत झालेली गोष्ट रांजणगावच्या मुलाखतीत तुमच्या आधी पोचलेली असते.

वर सरकताना

पाच-सहा वर्षांनी कामाचं स्वरूप बदलायला हवं. तोवर पीओ आणि फॉलोअपमध्येच अडकला असाल तर स्वतःहून काहीतरी मागून घ्या: एका कमोडिटीचं तीन वर्षांचं धोरण, नव्या मॉडेलच्या भागांचं सोर्सिंग (पुरवठादार शोधून ठरवणं), किंवा एखाद्या आयात भागाचं स्थानिकीकरण. कॉस्ट इंजिनिअरिंग, कॅटेगरी मॅनेजमेंट, सप्लायर क्वालिटी, निर्यातीचं सोर्सिंग अशा वाटा इथून फुटतात. निर्यातीकडे जाणाऱ्यांनी युरोपच्या सीबीएएमचा, म्हणजे आयात मालावरच्या कार्बन शुल्काच्या व्यवस्थेचा, अभ्यास करावा. पोलाद आणि ॲल्युमिनियमसारख्या मालाच्या कार्बन उत्सर्जनाची माहिती देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याची पक्की अंमलबजावणी आहे. पुरवठादाराच्या भट्टीत किती वीज आणि किती गॅस जळतो हा प्रश्न आता खरेदीदारानेच विचारायचा आहे, आणि त्याचं उत्तर काढता येणारी माणसं फार नाहीत.

सीव्हीत ‘वाटाघाटी उत्तम’ असं लिहू नका. कमोडिटी, वर्षाची खरेदी किती कोटी, किती पुरवठादार, बचत किती आणि ती कशी मिळाली ते लिहा. ‘कशी’ हा भाग सोडू नका: भाव पाडून, पत्र्याचा लेआउट बदलून, प्लेटिंग बदलून, की दोन भागांचा एक करून? अनुभवी मुलाखतकार याच ओळीवर पेन ठेवून पंधरा मिनिटं प्रश्न विचारतो. त्या प्रत्येक बचतीचा तक्ता, कंपनीची गोपनीय माहिती सोडून, तुमच्या डोक्यात दर आणि वजनासकट तयार असू द्या.